ब्रेकवर चालणारी गाडी

३० ऑगस्ट २००९ रोजी बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडिया संघाची गाडी सगळ्यांच्या पुढे उभी होती. तोवर या संघाच्या खात्यात फॉर्म्युला वनचा एक गुणही नव्हता. जियानकार्लो फिसिकेला सुटलाही पहिला. सुरुवातीच्या टकरीमुळे सेफ्टी कार बाहेर आली आणि पाचव्या फेरीला ती बाजूला होताच चढावरच्या लांब सरळ पट्ट्यात किमी राइकोनेनच्या फेरारीने त्याला मागे टाकलं. त्यानंतर पूर्ण शर्यतभर फिसिकेला फेरारीच्या मागे चिकटून राहिला, शेवटच्या रेषेवर दोघांत एक सेकंदही नव्हता, पण पुढे जाणं त्याला जमलं नाही. राइकोनेनच्या स्टिअरिंगवर एक बटण होतं. ते दाबलं की एका फेरीत साडेसहा सेकंदांपुरती ऐंशी अश्वशक्ती जादा मिळायची. ही शक्ती पेट्रोलमधून आलेली नव्हती. आधीच्या वळणांवर ब्रेक मारताना जी ऊर्जा एरवी तापून हवेत गेली असती, ती त्याने बॅटरीत भरून ठेवली होती.

केर्स नावाची ही यंत्रणा त्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये आली. तेव्हापासून एक वाक्य मोटारींवरच्या प्रत्येक कार्यक्रमात आणि शोरूममधल्या प्रत्येक माहितीपत्रकात भेटतं: शर्यतीचा ट्रॅक ही रस्त्यावरच्या गाड्यांची प्रयोगशाळा. टायर, डिस्क ब्रेक, टर्बो यांच्याबाबत ते बऱ्यापैकी खरं असेल. हायब्रिडच्या बाबतीत मात्र गंगा उलटी वाहिली आहे. हायब्रिड जन्मली ती चौकाचौकात थांबणाऱ्या गाडीसाठी. शर्यतीने ती दहा-बारा वर्षांनी उचलली, तिला भलत्याच कामाला लावलं, आणि परत रस्त्याला दिलं ते थोडकंच. नागपुरात बसून हा सगळा प्रवास पाहताना तर हे फार स्पष्ट दिसतं, कारण हायब्रिडला सर्वात अनुकूल आणि सर्वात प्रतिकूल असे दोन्ही रस्ते या एकाच शहरापाशी येऊन मिळतात. एक सीताबर्डीचा, म्हणजे बर्डीचा, दुसरा समृद्धी महामार्गाचा.

आधी सनावळ्या पाहू. पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर एकाच गाडीत बसवण्याचा उद्योग फर्डिनांड पोर्शेने १९०० च्या सुमारासच केला होता. पण लाखोंनी विकली जाईल अशी हायब्रिड आली डिसेंबर १९९७ मध्ये, जपानमध्ये, टोयोटा प्रियस. ताकेशी उचियामादा यांच्या चमूने ती घडवली. दिसायला बेंगरूळ, पळायला संथ, आणि आतून विलक्षण हुशार. ग्रहमालेसारख्या दातेरी चाकांच्या एका संचाला इंजिन, जनरेटर आणि मोटर असे तिघे जोडलेले होते; कुणी किती जोर लावायचा हे संगणक ठरवायचा. क्लच नाही, नेहमीसारखा गिअरबॉक्स नाही. आज नागपूरच्या रस्त्यावर धावणाऱ्या टोयोटा हायरायडर किंवा मारुतीच्या ग्रँड व्हिटारा हायब्रिडच्या पोटात त्याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती आहे. हायब्रिडने पहिली मोठी शर्यत जिंकली ती २००७ मध्ये, जपानच्या तोकाची येथील चोवीस तासांची, आणि जिंकणारी गाडी टोयोटाचीच सुप्रा होती. म्हणजे फॉर्म्युला वनने केर्सचं बटण दाबलं तेव्हा प्रियस दहा-बारा वर्षं जुनी झाली होती आणि टॅक्सी म्हणून झिजतही होती.

हा क्रम असाच का, याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. माणसांसह चौदाशे किलोची गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली असेल तर तिच्या अंगात सुमारे ८५ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. झाशी राणी चौकात सिग्नल लाल झाला, ब्रेक दाबला, की त्यातली बहुतेक डिस्क तापवण्यात जाते. सिग्नल सुटल्यावर तेवढीच ऊर्जा पुन्हा तयार करावी लागते. शहरातल्या रहदारीत साधं पेट्रोल इंजिन इंधनातल्या उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचवतं असं धरलं, तर प्रत्येक थांब्याची किंमत येते सुमारे दहा मिलिलिटर पेट्रोल. शंभर वेळा थांबलात की एक लिटर ब्रेकवर उधळलं. त्यात सिग्नलला उभं राहून इंजिन नुसतं घरघरतं ते वेगळंच. वर्धा रोडवरून निघून व्हरायटी चौकातून बर्डी, तिथून महाल आणि इतवारी असा रोजचा फेरा ज्याचा आहे, त्याने हे शंभर थांबे मोजायला बसू नये, मनस्ताप होईल.

हायब्रिडमध्ये ब्रेक हलका दाबला की आधी मोटर उलट काम करू लागते, जनरेटर बनते, गाडीचा वेग शोषून बॅटरीत भरते. जोरात दाबला की नेहमीचे ब्रेक मदतीला येतात. येता-जाता गळती होते, सगळं परत मिळत नाही, पण निम्म्याच्या आसपास मिळालं तरी शहरात तो मोठा लाभ. याच तत्त्वावर नागपूरची मेट्रोसुद्धा स्थानकात थांबताना वीज वरच्या तारेत परत सोडते. आणि याच कारणाने शेतात नांगर ओढणाऱ्या ट्रॅक्टरला, आमच्या हिंगण्याच्या कारखान्यात महिंद्रा जे बनवते त्याला, ब्रेकची वीज मिळणार नाही. नांगरणाऱ्या यंत्राला थांबवायला मातीच पुरेशी असते.

आता हाच हिशेब ट्रॅकवर करू. आठशे किलोची फॉर्म्युला वन गाडी ताशी ३२० वरून ८० पर्यंत खाली येते तेव्हा सुमारे तीन मेगाज्यूल ऊर्जा सोडते, म्हणजे आपल्या झाशी राणी चौकातल्या थांब्याच्या पस्तीसपट. तेही दोन-अडीच सेकंदांत. हायरायडरची अख्खी बॅटरी ०.७६ किलोवॉट-तासांची, म्हणजे २.७ मेगाज्यूलची. ट्रॅकवरच्या एका ब्रेकमध्ये ती काठोकाठ भरून वर सांडली असती, खरं तर जळली असती. इथेच शर्यतीचा आणि रस्त्याचा प्रश्न वेगळा होतो. रस्त्यावर थोडी ऊर्जा हजारदा उचलायची असते, वर्षानुवर्षं, स्वस्तात. शर्यतीत प्रचंड ऊर्जा क्षणात उचलायची आणि क्षणात ओतायची असते, वजनाची पर्वा करत आणि किमतीची न करता.

२००९ चे नियम त्या मानाने कंजूष होते: ६० किलोवॉट, फेरीला ४०० किलोज्यूल. त्यासाठी गाडीत पंचवीस-तीस किलोचं सामान बसवावं लागे, आणि त्यामुळे वजन हवं तिथे टाकण्याची मोकळीक जाई. आदल्या वर्षी स्पेनमधल्या हेरेजच्या चाचणीत बीएमडब्ल्यूच्या एका मेकॅनिकला गाडीला हात लावताच विजेचा झटका बसला होता. अनेक संघांनी विचार केला आणि केर्स लावलंच नाही. त्या वर्षीचं विजेतेपद ब्रॉन संघाने केर्सशिवाय जिंकलं; लुईस हॅमिल्टनने हंगेरीत मॅक्लारेनला जिंकून दिलं तो केर्सच्या गाडीचा पहिला विजय. २०१० मध्ये सगळ्यांनी आपसांत ठरवून ते बाजूला ठेवलं, २०११ मध्ये परत आणलं. त्याच वर्षी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिली इंडियन ग्रां प्री झाली. तिथे नारायण कार्तिकेयन ज्या एचआरटी संघाकडून धावला त्यांच्याकडे केर्स नव्हतंच, पुढच्या वर्षीही नाही. २०१३ नंतर शर्यत भारतात आली नाही. त्यामुळे खरी क्रांती घडवणारं २०१४ चं इंजिन आपल्या मातीवर शर्यतीत कधी गरजलंच नाही. गरजणं हा शब्द इथे उदार आहे. आधीच्या व्ही-८ च्या मानाने त्याचा आवाज इतका दबका होता की जगभरच्या शौकिनांनी नाकं मुरडली.

या २०१४ च्या इंजिनापाशी थोडं थांबायला हवं. त्याआधीची अनेक वर्षं शर्यतीचे नियम इंजिनाचं आकारमान आणि फेरे बांधून देत. पेट्रोल किती ओतायचं ते ज्याचं त्याने बघावं. नव्या नियमाने नळच बांधून दिला: तासाला जास्तीत जास्त १०० किलो इंधन, पूर्ण शर्यतीला १०० किलो. इंजिन १.६ लिटरचं व्ही-६ टर्बो. या एका कलमामुळे शर्यतीचा आणि रस्त्याचा प्रश्न एक झाला, कारण मोजून मिळालेल्या इंधनातून जो जास्त काम काढेल तोच जास्त वेगाने धावणार. अ‍ॅव्हरेज म्हणजेच पिकअप. शंभर किलो प्रतितास इंधनात सुमारे १२०० किलोवॉट उष्णता असते. जुन्या व्ही-८ ला तिच्यातला तिसरा हिस्साही गाठता येत नव्हता. २०१७ मध्ये मर्सिडीजने जाहीर केलं की ब्रिक्सवर्थच्या त्यांच्या कारखान्यात, चाचणीच्या बाकावर, त्यांच्या इंजिनाने पन्नास टक्क्यांची रेषा ओलांडली. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीच्या इंजिनासाठी हा आकडा थक्क करणारा आहे.

तो गाठण्यामागे दोन मोटर होत्या. पहिली ओळखीची, ब्रेकमधून वीज काढणारी, आता १२० किलोवॉटची. दुसरी नवी होती आणि ती थेट टर्बोच्या दांड्यावर बसवलेली होती. इंजिनात जाळलेल्या इंधनातली साधारण तिसरा हिस्सा उष्णता धुरावाटे निघून जाते. रसवंतीवाला चोथा घडी करून पुन्हा चरकात घालतो, तसं या मोटरने त्या धुराला पुन्हा पिळलं. टर्बाइनला जास्तीचा जोर असेल तेव्हा तिने वीज बनवायची. आणि चालकाने वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तीच मोटर टर्बो आधीच फिरवून ठेवायची, म्हणजे टर्बोच्या गाड्यांत जो क्षणभराचा दम लागतो तो लागतच नाही. ब्रेकच्या विजेवर फेरीला दोन मेगाज्यूलची मर्यादा होती, धुराच्या विजेवर काहीच नव्हती. मर्सिडीजने हे सर्वात आधी आणि सर्वात नीट ओळखलं, टर्बोचे दोन भाग इंजिनाच्या दोन टोकांना वेगळे केले, आणि २०१४ ते २०२१ अशी सलग आठ वर्षं संघांचं विजेतेपद घरी नेलं. होंडासारख्या इंजिनांच्या घराण्याला याच मोटरने २०१५ नंतर रडवलं. तिचा दांडा टिकेना म्हणून शेवटी कंपनीने आपल्या विमानांच्या इंजिन विभागाची मदत घेतली.

आता प्रश्न असा की जगातलं सर्वात कार्यक्षम पेट्रोल इंजिन तयार झालं, तर ते आपल्या गाडीत का नाही आलं? मर्सिडीजने प्रयत्न केला. एएमजी वन नावाची गाडी २०१७ मध्ये दाखवली, तीत फॉर्म्युला वनचंच इंजिन. ते ट्रॅकवर नुसतं उभं असतानाही मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेतं. त्याला सिग्नलला शांत उभं राहायला आणि धुराच्या कायद्यात बसवायला इतकी वर्षं लागली की गाडी प्रत्यक्ष बनायला २०२२ उजाडलं. कोट्यवधींची, मोजक्या धनिकांसाठी. अडचण कारागिरीची कमी आणि निसर्गनियमाची जास्त होती. धुरात पिळण्याजोगी ऊर्जा तेव्हाच असते जेव्हा इंजिन पूर्ण जोरावर असतं. स्पाच्या एका फेरीत चालकाचा पाय निम्म्याहून अधिक वेळ तळाला टेकलेला असतो. धंतोलीतून इतवारीला जाताना तो कधी टेकतो? तिथे इंजिन आपल्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्यावर रांगत असतं; धूर कोमट, चोथ्यात रसच नाही.

रस्त्यावरच्या हायब्रिडने म्हणूनच वेगळी वाट धरली. तिथे इंजिनाची ताकद मुद्दाम कमी केली जाते. हवा आत घेणारी झडप उशिरा मिटते, त्यामुळे दाबण्याचा टप्पा लहान आणि प्रसरणाचा मोठा होतो. अ‍ॅटकिन्सन पद्धत म्हणतात ती हीच. असं इंजिन सुरुवातीच्या जोराला लंगडं पडतं, पण इंधन फार काटकसरीने वापरतं, आणि लंगडेपणा मोटर भरून काढते. हायरायडरचं दीड लिटरचं इंजिन यामुळे चाळीस टक्क्यांपर्यंत कार्यक्षमता गाठतं असा टोयोटाचा दावा आहे. ब्रिक्सवर्थच्या पन्नासाशेजारी चाळीस ठेवून पाहा: एकीकडे अमर्याद पैसा आणि काही शर्यतींपुरतं आयुष्य, दुसरीकडे मध्यमवर्गीयाची गाडी आणि बॅटरीवर आठ वर्षांची हमी. माझ्या लेखी दुसरा पराक्रम मोठा आहे.

शर्यतीतून रस्त्याला काहीच मिळालं नाही असं मात्र नाही. खरी प्रयोगशाळा शोधायची तर ती फॉर्म्युला वनपेक्षा ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत सापडते, कारण तिथे यंत्र टिकवावंही लागतं. विल्यम्स संघाने फॉर्म्युला वनसाठी बॅटरीऐवजी फिरत्या चाकात ऊर्जा साठवणारी यंत्रणा बनवली, ती त्या शर्यतीत कधी उतरलीच नाही. पण तीच ऑडीच्या गाडीत बसली आणि २०१२ मध्ये ल मां जिंकणारी पहिली हायब्रिड ठरली. पुढे ती चाकं लंडनच्या शहर बसमध्येही गेली. वारंवार थांबणाऱ्या बसला ती शोभलीही. पोर्शेने ९१९ गाडी ८०० व्होल्टवर चालवून २०१५ ते २०१७ सलग तीनदा ल मां जिंकलं, आणि तोच ८०० व्होल्टचा मार्ग टायकान या विजेच्या गाडीत आणला. आता जलद चार्जिंगच्या अनेक गाड्या त्याच वाटेने चालल्या आहेत. विजेची मोटर लावलेला टर्बो मर्सिडीज आणि पोर्शेच्या महाग गाड्यांत दिसू लागला. टोयोटा, जिने हे सगळं सुरू केलं, तिला ल मां जिंकायला मात्र २०१८ पर्यंत थांबावं लागलं.

आणि मग २०२६. फॉर्म्युला वनच्या नव्या नियमांनी धुरातून वीज काढणारी ती अद्भुत मोटर सरळ काढून टाकली. महाग, अवघड, रस्त्यावर निरुपयोगी, आणि ऑडीसारख्या नव्या कंपन्यांना आत यायला भिंतच. त्याऐवजी ब्रेकची मोटर तिप्पट करून ३५० किलोवॉटवर नेली, इंजिनाची ताकद सुमारे ४०० किलोवॉटवर आणली. म्हणजे शक्ती जवळपास निम्मी पेट्रोलची, निम्मी विजेची, आणि इंधन खनिज तेलाशिवाय बनवलेलं. कागदावर हे प्रियसच्या फार जवळ गेलं. पण वीज आता येणार फक्त मागच्या चाकांतून, आणि ज्या ट्रॅकवर ब्रेक कमी लागतात तिथे ती येणार कुठून? इटलीतल्या मॉन्झासारख्या सरळसोट ट्रॅकचं काय करायचं, सरळ पट्ट्यावर चालकाने पाय उचलून बॅटरी भरायची का, यावर पहिली शर्यत होण्याआधीपासूनच वाद सुरू झाला. ब्रेक नसेल तर हायब्रिड उपाशी राहते, हे सत्य प्रियसच्या मालकांना पंचवीस वर्षं ठाऊक होतं.

आपल्याकडचा मॉन्झा शिवमडक्यापासून सुरू होतो. नागपूर ते ठाणे जिल्ह्यातलं आमणे, ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग. मोटारींना ताशी १२० ची मुभा, सिग्नल नाही, चौक नाही. तिथे गाडीची लढाई हवेशी असते. ६० च्या वेगाला हवा जितकी अडवते त्याच्या चौपट १२० ला अडवते, आणि ती ऊर्जा कुठल्याही मोटरला परत मिळत नाही. बॅटरी मिनिटभरात रिकामी होते आणि मग सगळा भार त्या काटकसरी, पण बेताच्या ताकदीच्या इंजिनावर. त्यामुळे हायब्रिड घेऊन समृद्धीवरून शिर्डीला जाऊन आलेला माणूस ‘कंपनीने फसवलं’ म्हणतो. तीच गाडी महिनाभर रामदासपेठ ते महाल चालवणारा सगळ्यांना घ्यायला सांगत सुटतो. दोघंही खरं बोलतात. होंडाने सिटीच्या हायब्रिडमध्ये यावर तोड काढली आहे: शहरात इंजिन बहुतांशी फक्त वीज बनवतं आणि चाकं मोटर फिरवते, महामार्गावर एक क्लच इंजिनाला थेट चाकांशी जोडतो. तरी भौतिकशास्त्र बदलत नाही.

गंमत अशी की जाहिरातीतला आकडा या दुसऱ्या रस्त्याकडे पाहतही नाही. हायरायडर आणि ग्रँड व्हिटारा हायब्रिडचा लिटरला २७.९७ किलोमीटर हा आकडा ज्या ठरावीक चाचणीतून येतो, पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेमुळे घराघरात माहीत झालेल्या त्या चाचणीत, गाडी रोलरवर ठरलेल्या लयीत चालवतात: थांबा, निघा, रांगा, पुन्हा थांबा. कमाल वेग ९०, आणि तोही थोडाच वेळ. ही लय बर्डीची आहे. साध्या पेट्रोल गाडीलाही तिथे प्रत्यक्षापेक्षा चांगला आकडा मिळतोच, पण हायब्रिडला ही परीक्षा घरच्या अंगणात दिल्यासारखी जाते. ‘कितीचा अ‍ॅव्हरेज देते?’ या आपल्या राष्ट्रीय प्रश्नाला १२० च्या वेगाचं उत्तर सरकारी कागदावर नाही. ते असायला हवं.

भारतात हायब्रिडची कथा या भौतिकशास्त्रापेक्षा करांनी जास्त वळवली. २००८ मध्ये होंडाने सिव्हिक हायब्रिड आणली, आयात करून, सुमारे एकवीस लाखांना. काही महिन्यांतच किंमत आठ लाखांनी उतरवावी लागली. प्रियस २०१० मध्ये आली, तीही तशीच महाग. त्याच वर्षी पुण्यातून एक वेगळाच प्रयत्न झाला, आणि मराठी वाचकाने तो विसरू नये. रवी पंडित यांची केपीआयटी आणि बाबा कल्याणी यांची भारत फोर्ज यांनी मिळून रेव्होलो नावाचा संच जाहीर केला. तुमच्या जुन्याच गाडीत मोटर, बॅटरी आणि नियंत्रक बसवायचा आणि तिची हायब्रिड करायची. इंधनात चाळीस टक्क्यांपर्यंत बचतीचा दावा होता. कल्पना अस्सल देशी: नवी गाडी परवडत नसेल तर आहे ती सुधारा. पण असा संच रस्त्यावर कायदेशीर ठरवणारे नियमच तेव्हा नव्हते. ते यायला इतकी वर्षं गेली की तोवर जगाचं लक्ष पूर्ण विजेच्या गाडीकडे वळलं होतं.

केंद्र सरकारच्या २०१५ च्या फेम योजनेने हायब्रिडना सवलत दिली तेव्हा तिचा मोठा लाभ घेतला मारुती सियाझसारख्या गाड्यांनी, ज्यांच्यात मोटर नावापुरती होती आणि एकटीने गाडी हलवूही शकत नव्हती. हा बोभाटा झाल्यावर एप्रिल २०१७ पासून अशा गाड्या वगळल्या. तीनच महिन्यांनी जीएसटी आला आणि मोठ्या हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के कर बसला. विजेच्या गाड्यांवरचा २०१९ पासून ५ टक्के. केंद्रीय मंत्रालयांत यावर जो संघर्ष झाला तो जवळजवळ महाराष्ट्रातला अंतर्गत वाद म्हणावा. मुंबई-पुण्याच्या टाटा आणि महिंद्रा यांनी पैसा लावला तो पूर्ण विजेच्या गाड्यांवर. महिंद्रा तर फॉर्म्युला ईच्या विजेच्या शर्यतीत २०१४ मधल्या पहिल्या दिवसापासून आहे. नागपूरचे खासदार आणि रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी मात्र हायब्रिडवरचा कर ५ टक्के आणि फ्लेक्स इंधनाच्या, म्हणजे पेट्रोलबरोबर भरपूर इथेनॉलवरही चालणाऱ्या गाड्यांवरचा १२ टक्के करावा असा प्रस्ताव २०२४ मध्ये अर्थखात्याकडे पाठवून बसले. तो मान्य झाला नाही. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत मोठ्या हायब्रिड ४३ वरून ४० वर आल्या, विजेच्या ५ वरच राहिल्या.

हा फरक मला पटत नाही. ५ आणि ४० या दोन आकड्यांमध्ये जो दरीएवढा फरक आहे तो धुरात नाही, विशेषतः जोवर विदर्भातली वीज कोराडी आणि चंद्रपूरच्या कोळशातून येते तोवर. मात्र केवळ ‘हायब्रिड’ अशी पाटी आहे म्हणून सवलत देणं काय करतं हे सियाझच्या वेळी दिसलं. कर पाटीवर लावण्याऐवजी लिटरवर, म्हणजे प्रत्यक्ष जळणाऱ्या इंधनावर लावला तर हे भांडणच उरत नाही.

गडकरींचा हायब्रिडकडे ओढा आहे त्याचं मूळ उसात, म्हणजे उसापासून बनणाऱ्या इथेनॉलमध्ये आहे. नागपुरात २०१४ मध्ये त्यांनी स्कॅनियाची इथेनॉलवर चालणारी हिरवी बस आणली. काही वर्षं ती शहराचं भूषण होती, २०१८ मध्ये थकबाकीच्या वादात बंद पडली. २०१७ मध्ये ओलाने महिंद्रासह विजेच्या टॅक्सींचा देशातला पहिला मोठा प्रयोगही इथेच केला. चार्जिंगच्या रांगांना कंटाळून चालक गाड्या परत करू लागल्याच्या बातम्या काही महिन्यांतच आल्या. या दोन प्रयोगांच्या मधली जागा हायब्रिडची आहे, इंधनही हवं आणि वीजही हवी, पण चार्जिंगची रांग नको. ऑगस्ट २०२३ मध्ये टोयोटाने इनोव्हा हायक्रॉसचा असा नमुना दिल्लीत दाखवला जो भरपूर इथेनॉलवरही चालतो. हा जोड तांत्रिकदृष्ट्या शहाणपणाचा आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी, म्हणजे अ‍ॅव्हरेज पडणार. ते हायब्रिडने शहरात भरून निघतं. योगायोग पाहा, २०२२ मध्ये फॉर्म्युला वनने पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल आणलं त्याचा केवढा गाजावाजा झाला. आज मानेवाड्याच्या पंपावर स्कूटरमध्ये पडणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के असतं, आणि त्याबद्दल लोक फक्त कुरकुरतात.

नागपूरकर ग्राहकाने आणखी एका गोष्टीकडे पाहावं, ती म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो तेव्हा उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त असतो, आणि बॅटरीचं आयुष्य उष्णतेनेच खंगतं. रस्त्यावरच्या अनेक हायब्रिडमध्ये बॅटरीला गार करायला गाडीतलीच हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून ओढली जाते. त्या जाळीवर पिशवी, उशी, लेकरांचे कपडे टाकून ठेवणारे पुष्कळ. २०११ मध्ये रेड बुलसारख्या विजेत्या संघाचं केर्स तापून वारंवार दगा देत होतं, आणि त्यांच्याकडे अभियंत्यांची फौज होती. आपल्याकडे निदान जाळी मोकळी ठेवावी आणि गाडी सावलीत लावावी.

३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने महाराष्ट्र सरकारशी करार केला. छत्रपती संभाजीनगरला, समृद्धीच्याच वाटेवर, हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांचा सुमारे वीस हजार कोटींचा कारखाना उभारण्याचा बेत आहे. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, त्यांचेच पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी टोयोटाला भारतात रुजवलं, पण ते बंगळूरुजवळच्या बिडदीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गेले. कारखाना उभा राहील तेव्हा राहो. तोवर विकल्या गेलेल्या हायब्रिड हमीची आठ वर्षं संपवून गॅरेजांत येऊ लागतील, आणि तिथे मेकॅनिकला झाकणाखाली भगव्या रंगाच्या जाड केबल दिसतील. त्यांत शेकडो व्होल्ट असतात. हेरेजच्या त्या झटक्यानंतर फॉर्म्युला वनच्या संघांनी रबरी हातमोजे सक्तीचे केले, गाडी विजेच्या दृष्टीने सुरक्षित आहे की नाही ते सांगणारा दिवा बसवला, माणसांना शिकवलं. कॉटन मार्केट आणि कामठी रोडच्या गॅरेजांतल्या पोरांना तेच शिकवण्याचं काम आयटीआयनी हाती घ्यायला हवं, आणि त्यासाठी संभाजीनगरच्या कारखान्याची वाट पाहण्याचं कारण नाही.